थंडीत मोटारसायकलवर बसताना अंगावर काय घ्यावं?



गळीत हंगाम आणि थंडी यांची गाठ ठरलेलीच आहे. दिवाळी सरते, बॉयलर पेटतो आणि त्याच सुमाराला पहाटेचा गारठा जाणवू लागतो. नेमकं याच दिवसांत आपलं मोटारसायकलवरचं फिरणं वाढतं. टोळी फडात कधी उतरणार ते विचारायला गट ऑफिसला जायचं, ट्रॉलीचा नंबर काट्यावर कुठवर आला ते बघायचं, पहाटे डेअरीला दूध घालायचं. आणि ज्या फीडरवर अजून रात्रीची वीज आहे, तिथं मध्यरात्री उठून उसाला पाणी द्यायला जायचं. राजदूतचा जमाना गेला, हलक्या गाड्या आल्या, रस्ते डांबरी झाले, वेग वाढला. अंगावरचे कपडे मात्र बहुतेकांचे तेच राहिले. सुती सदरा, वर एक स्वेटर आणि कानाला मफलर. म्हणून या खेपेला आम्ही लागण-खोडव्याचा विषय बाजूला ठेवून कपड्यांविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. विषय घरगुती वाटेल, पण प्रश्न जिवाचा आहे.

जिवाचा कसा, ते आधी पाहू. पुढचा ब्रेक आणि क्लच दोन्ही आपल्या बोटांवर चालतात. गारठ्यानं बोटं बधिर झाली की ती हुकमात राहत नाहीत. दाबायचं मनात येतं, पण पकड उशिरा बसते. ताशी 40 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते आणि 60 नं जाणारी जवळजवळ 17 मीटर. म्हणजे अर्धा सेकंद उशीर झाला, तरी ब्रेक लागण्याआधीच गाडी पाच ते आठ मीटर पुढे गेलेली असते. हंगामात रात्रीच्या रस्त्यावर पुढे काय असतं, ते आपल्याला सांगायला नको. मागचा दिवा नसलेली ट्रॉली, नाहीतर वाढं लोंबणारी बैलगाडी. तिथं पाच मीटर म्हणजे जीव आणि मरण यांतलं अंतर.

खरा वैरी वारा

पुणे, अहिल्यानगर, नाशिक या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 अंशांवर येणं नेहमीचंच आहे. एवढी थंडी अंगणात शेकोटीपाशी सोसते, पण गाडीवर का सोसत नाही? आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून नेतो आणि अंग पुन्हा पुन्हा निवत जातं. सिपल आणि पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर वाऱ्यात पाणी किती वेळात गोठतं हे मोजून याचा हिशेब मांडला आणि तो 1945 साली प्रसिद्ध केला. त्यात पुढं सुधारणा होऊन 2001 पासून अमेरिका आणि कॅनडात जे सूत्र वापरतात, त्याप्रमाणे हवा 10 अंश आणि वारा ताशी 60 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला थंडी सुमारे 5 अंशांइतकी लागते. गाडी चालवताना हा वारा आपण स्वतःच तयार करतो. हवा स्थिर असली तरी वेगाचा वारा छातीवर येतोच.

यावरून पहिला धडा असा की जाड स्वेटर म्हणजे ऊबदार कपडा, हे गाडीवर अर्धंच खरं आहे. स्वेटरची वीण उघडी असते आणि वारा तिच्यातून आरपार जातो. तोच स्वेटर आत घालून वर वारा अडवणारं काही चढवलं, की त्याची ऊब दुप्पट वाटते. जुनी माणसं छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालून निघत, ती उगीच नव्हे.

दुसरा वैरी ओल

पाण्यातून उष्णता कोरड्या हवेपेक्षा सुमारे 25 पट सहज वाहून जाते. रात्री दारं धरून आलेल्या माणसाची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली असते, धुक्यानं आणि दवानं बाह्या ओल्या असतात. तसाच माणूस गाडीला किक मारून निघतो. त्यात अधूनमधून अवकाळीची सर येतेच. सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही, अंगाला चिकटून राहतं आणि ऊब शोषत राहतं. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते, तरी हाताला भिजलेली लागत नाही. धनगराची घोंगडी पावसात का टिकली, त्याचं हेही एक कारण.

तीन पदर

म्हणून एकच जाडजूड कपडा घेण्यापेक्षा तीन पदर करावेत. अंगालगत घाम शोषून पटकन वाळणारी बनियन किंवा थर्मल. त्यावर ऊब धरणारा लोकरीचा स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जर्किन किंवा रेनकोट. दिवस वर आला की एकेक पदर उतरवता येतो.

वरच्या पदरासाठी लगेच मोठा खर्च करायला हवा असं नाही. पावसाळ्यात घेतलेला रेनकोट माळ्यावर टाकू नका, थंडीत तोच वारा अडवतो. त्यात घाम कोंडतो हे खरं, तेव्हा गाडीवरून उतरल्यावर तो काढावा. घामाची वाफ बाहेर सोडून पाणी मात्र आत न घेणारं कापडही आता मिळतं. रॉबर्ट गोर यांनी 1969 साली शोधलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्यापासून ते निघालं. पण ते महाग पडतं.

नवीन घेताना दुकानात या गोष्टी जरूर पाहा. कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. हाताला हवा लागली, तर वारा आत येणारच. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का बघा, कारण पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त शिरतं. चेनवर झाकणपट्टी असावी. मनगट आणि गळा घट्ट बंद व्हावा. आणि महत्त्वाचं म्हणजे, जर्किन घालून आपल्या गाडीवर हँडल धरून बसा. उभ्यानं बरोबर वाटलेली बाही तिथं चार बोटं आखूड होते आणि पाठ उघडी पडते. आत स्वेटर मावेल एवढी ढिलाईही पाहिजे.

हात, पाय, डोकं

हातमोजे ही चैन समजू नका. वर सांगितलेला सगळा धोका बोटांतच आहे. बाहेरून वारा-पाणी अडवणारे आणि आतून मऊ अस्तराचे मोजे घ्या. ते घालून किल्ली उचलता आली आणि ब्रेक पुरा दाबता आला, तरच पैसे द्या. घट्ट मोजा घेऊ नका, रक्त खेळलं नाही तर बोटं उलट लवकर गारठतात. पायमोजांचंही तसंच. दोन-दोन चढवून बूट आवळला, तर पाय गारच राहणार. रेनकोटची पँट सायलेन्सरला लागली की वितळते, तेव्हा पायाशी ती नीट आवळून घ्या.

मफलर आणि कानटोपी ही हेल्मेटची जागा घेऊ शकत नाहीत. हेल्मेट आयएसआय खुणेचंच हवं आणि काच खाली असली की तोंडाचा वाराही थांबतो. आत पातळ टोपी चालेल. जाड कानटोपीवर बसवलेलं हेल्मेट मात्र डोक्यावर नीट टिकत नाही. मफलर घ्यायचाच, तर टोकं जर्किनच्या आत खोचावीत. डोक्यावरून गोणीची खोळ घेऊन गाडी चालवणं तर नकोच, बाजूचं काही दिसत नाही.

मागं बसणाऱ्या भगिनींनी शाल, पदर आणि ओढणी चाकाजवळ लोंबू देऊ नये. मागच्या चाकाची जाळी काढून टाकलेली असेल, तर ती आजच बसवून घ्या. मोटार वाहन नियमांत ती बंधनकारक आहे.

आणखी एक. जर्किन काळं घेण्याची आपल्याकडं आवड आहे. अंधारात काळा माणूस आणि काळा रस्ता एकच होतो. पाठीवर आणि बाहीवर उजेडात चमकणारी पट्टी शिवून घ्या. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा म्हणून आपण आग्रह धरतो, मग आपल्या पाठीला का नको?

कोरडा जोड

शेवटी बिनखर्चाची गोष्ट. पाण्यावर जाताना एक कोरडी विजार, बनियन आणि पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोटारीच्या खोलीत ठेवावेत. पाणी झालं की हातपाय पुसून कोरडं घालावं, बोटं चोळून गरम करावीत आणि मगच किक मारावी. दहा मिनिटं जातील, जाऊ द्यात. आणि ऊब येते म्हणून कुणी घोटभर घेत असेल, तर त्यालाही सांगा. दारूनं कातडीकडं रक्त येतं, क्षणभर गरम वाटतं, पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते. ब्रेकला लागणारा उशीर वाढतो, तो वेगळाच.

सगळं एकदम घेणं जमलं नाही, तर आधी हातमोजे घ्या, मग वारा अडवणारं जर्किन, मग बाकीचं. उसाचा पहिला हप्ता आला की बियाणं, खत, सोसायटी, पोरांची फी असे हिशेब आपण मांडतो. त्यातच घरात जेवढी माणसं मोटारसायकल चालवतात, तेवढे हातमोज्यांचे जोड धरा, ही आमची सर्वांना आग्रहाची विनंती आहे.