मसाल्याच्या पाकिटावरचा रंग पुसला का जात नाही?
मसाल्याचं चकचकीत पाकीट निरखून बघा. त्यावरची शाई सहसा बाहेरून लावलेली नसतेच! पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला चित्र उलटं छापतात, शेवटी पांढरा थर देतात आणि त्यावर दुसरी फिल्म चिकटवतात. शाई मध्ये सुरक्षित राहते. किती सुंदर युक्ती आहे ही!

असं पाकीट स्वतः छापून घेणार असाल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. ग्रॅव्ह्यूर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. तो महाग, म्हणून मजकुराचं अक्षरन् अक्षर आधीच तपासायचं. रंग मात्र मोबाइलवर बघून मंजूर करू नका, छापील नमुना मागा.

आणि बारकोडच्या रेषा लाल नकोत. बऱ्याच स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेषा आणि पांढरी जागा जवळपास सारखीच दिसते.