मुखवटा इबोलाचा, अंग गुरांच्या विषाणूचे

नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला चिकटले. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना गाठले. त्यांतली १८३ दगावली. त्याचा एक चुलतभाऊ अमेरिका खंडात गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणतो. त्याचे नाव व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस, थोडक्यात व्हीएसव्ही. माणसाशी याचे वैर बेताचेच. बहुतेकदा काही दिवस ताप आणि अंगदुखी. युरोप-अमेरिकेने २०१९ मध्ये इबोलाविरुद्धची जी पहिली लस मान्य केली, ती याच भावाच्या पाठीवर बसून आली.

कॅनडातल्या विनिपेगच्या प्रयोगशाळेत व्हीएसव्हीच्या बाह्य प्रथिनाचे जनुक काढून तिथे इबोलाच्या बाह्य प्रथिनाचे जनुक बसवले गेले. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवादानवाचा मुखवटा चढवून नाचणारा आतून गावातलाच कुणी असतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की बोहाड्यातला मुखवटा उतरवता येतो. इथे जनुकच बदलल्याने विषाणूची प्रत्येक नवी प्रत मुखवट्यासकटच जन्मते.

आणि प्रती निघतात, कारण लस जिवंत आहे. टोचल्यावर पहिले काही दिवस या विषाणूचा माग रक्तात लागतो. शरीर आधी जुनी, सरधोपट फळी उभी करते: इंटरफेरॉन स्रवतात, रक्तातल्या मोनोसाइट पेशी खवळतात, ताप येतो, अंग मोडून येते. दोनेक आठवड्यांत इबोलाच्या प्रथिनावर नेमकी बसणारी प्रतिपिंडे दिसू लागतात. माकडांवरच्या प्रयोगांत लस देताना बाधित पेशी मारणाऱ्या सीडी-८ पेशी काढून टाकल्या तरी माकडे वाचली. प्रतिपिंडे घडवायला मदत करणाऱ्या सीडी-४ पेशी काढल्यावर मात्र प्रतिपिंडेही तयार झाली नाहीत आणि संरक्षणही मिळाले नाही. भिस्त प्रतिपिंडांवर आहे, ती अशी कळली.

आपल्या ओळखीची कोविशील्ड वेगळ्या घडणीची. तिच्यातला चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस वाढू शकत नाही. तो स्वतःचाच अंगरखा घालून येतो आणि कोरोनाच्या काट्याचे जनुक पोटात लपवून आणतो. शरीर त्या अंगरख्याविरुद्धही प्रतिपिंडे घडवते. माणसांत फिरणाऱ्या ॲडिनोव्हायरसची ओळख अनेकांच्या रक्ताला आधीच असते, म्हणून चिंपांझीचा निवडला. रशियाच्या स्पुटनिक लसीने तर दोन डोसांना दोन निरनिराळे वाहक वापरले. व्हीएसव्हीच्या लसीत वाहकाचा मूळ चेहराच काढलेला, शिवाय त्याची गाठ फारच थोड्या माणसांशी पडलेली. जुन्या प्रतिपिंडांना पकडायला काही उरत नाही.

२०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या या लसीच्या चाचणीसाठी देवीनिर्मूलनातली जुनी युक्ती वापरली गेली: रुग्णाभोवती कडे करायचे आणि त्यातल्यांना टोचायचे. काही कड्यांना लगेच, काहींना २१ दिवसांनी लस दिली. लगेच लस मिळालेल्यांत दहाव्या दिवसानंतर एकही रुग्ण आढळला नाही. लांबणीवर टाकलेल्या कड्यांत सोळा आढळले.

या जिवंतपणाची किंमतही आहे. जिनिव्हातल्या चाचणीत काहींचे सांधे सुजले आणि डिसेंबर २०१४ मध्ये चाचणी काही काळ थांबवावी लागली. लसीचा विषाणू सांध्यांतल्या द्रवात सापडला. डोस कमी करून पाहिला, तर प्रतिपिंडे घटली, सांध्यांची सूज मात्र टळली नाही. प्रतिकार चेतवणारी वाढ आणि सांध्यापर्यंत पोचणारी वाढ एकच; एक ठेवून दुसरी वगळण्याची सोय नाही.

मुखवटाही एकाच चेहऱ्याचा: झैर जातीच्या इबोलाचा. २०२२ मध्ये युगांडात सुदान जातीची साथ आली, तेव्हा ही लस कामाची नव्हती. त्याच व्हीएसव्हीला सुदानचा मुखवटा चढवलेल्या लसीची चाचणी २०२५ च्या फेब्रुवारीत युगांडातच कडे पद्धतीने सुरू झाली.

आपल्याकडे २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा चांदीपुराने मुले दगावली. त्याचा भाऊ व्हीएसव्ही परक्या रोगांचे मुखवटे घालून जगभर फिरतो आहे. चांदीपुरावर मान्यताप्राप्त लस मात्र अजून नाही.