एफएमजीईचा निकाल: टक्के नेमके कशाचे?

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे प्रॅक्टिस करायची, तर बहुतेक वेळा आधी एफएमजीई पास व्हावं लागतं. 2002 मध्ये सुरू झालेली ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. 300 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, 150 गुण मिळाले की पास.

जून 2023 मध्ये 24,269 जण बसले, 2,474 पास झाले. म्हणजे 10.2 टक्के. धाडसारख्या गावात शेतीवर कर्ज काढून मुलीला बाहेर पाठवू पाहणारे वडील हा आकडा ऐकतात आणि समजतात, शंभरातले नव्वद कधीच डॉक्टर होत नाहीत.

थांबा. छेदात कोण आहे ते बघा. त्यात पहिल्यांदा बसलेले आहेत, तसे आधी नापास होऊन पुन्हा बसलेलेही आहेत. हे टक्के एका परीक्षेचे आहेत, एका विद्यार्थ्याच्या शक्यतेचे नाहीत.

समजा, 100 जणांची एकच तुकडी आहे आणि दर वेळी बसणाऱ्यांपैकी 10 टक्केच पास होतात. पहिल्यांदा 10, उरलेल्या 90 मधून 9, मग 81 मधून 8. तीन प्रयत्नांत 27! निकाल मात्र तिन्ही वेळा 'दहा टक्के'च. (प्रत्यक्षात दर प्रयत्नाला शक्यता सारखीच राहील असं नाही.)

27 हा आकडाही दिलासा देणारा नाहीच. पण वडिलांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्याच विद्यापीठातून एका वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी तीन वर्षांत किती पास झाले? संशोधनात अशा गटाला कोहॉर्ट म्हणतात.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये टक्केवारी येईल, तेव्हा आधी छेद लिहा.