वीज पडते वरून, मारते खालून

आभाळाचं गणित : लेखांक ७

गेल्या आठवड्यात गारपिटीचा ढग पाहिला. वीजही त्याच ढगाची. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भाची जमीन तापते, बंगालच्या उपसागरावरून दमट वारं आत येतं आणि दुपार कलली की बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्यांच्या पोटात बर्फाचे हलके स्फटिक वर चढत असतात आणि जड, मऊ गारा खाली येत असतात. या धडकाधडकीत विद्युतभाराची फाळणी होते : माथ्याकडे धन, बुडाकडे ऋण. हा ताण हवेला पेलेनासा झाला की ऋणभाराची एक अंधुक शाखा साधारण पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत जमिनीकडे उतरू लागते. खालच्या उंच वस्तूंमधून तिच्या भेटीला दुसरी शाखा वर निघते. दोघींची गाठ पडली की सुमारे ३० हजार अँपिअरचा प्रवाह धावतो आणि वाटेतली हवा ३० हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. ही हवा स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट.

पायाळू माणसाला वळवाच्या पावसात बाहेर पाठवू नये, त्याच्यावर वीज पडते, असं गावाकडे अजूनही म्हणतात. विजेला कुणाच्या जन्माशी देणंघेणं नाही. ती उंची बघते, एकटेपणा बघते. उघड्या रानात उंच आणि एकटं काय असतं? बांधावरचं लिंबाचं किंवा बाभळीचं झाड. पाऊस आला की माणसं आणि जनावरं नेमकी त्याच्याखाली गोळा होतात.

थेट डोक्यावर वीज पडून मरणारे फार थोडे, शंभरात पाचच्या आसपास. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते किंवा मुळांवाटे जमिनीत पसरते. पसरताना पावलापावलाला जमिनीतला विद्युतदाब बदलतो. दोन पायांत जितकं अंतर, तितका जास्त दाब अंगातून जातो. माणसाच्या एका पायातून चढलेला प्रवाह बऱ्याचदा दुसऱ्या पायातून उतरून जातो. गाई-बैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत मात्र दीड मीटरचं अंतर, आणि काळीज नेमकं त्या वाटेवर. म्हणून झाडाखालची अख्खी दावण एका क्षणात आडवी होते. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर अशीच ३२३ रेनडिअर एका वादळात मेली.

देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसं मारल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं, आणि ते उपयोगाचं आहे. पण परतीच्या पावसात सोयाबीन काढणाऱ्या बाईला सूचना मिळाली तरी तिनं जायचं कुठं? पक्कं घर दोन किलोमीटरवर, शेतातल्या पत्र्याच्या छपराला भिंती नाहीत, ताडपत्री तर नुसता आडोसा. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलेलं वीज अटकाव यंत्र ती इमारत आणि फार तर तिचं आवार सांभाळतं, शिवार नाही. रानातला पक्का निवारा कुठल्या योजनेत क्वचितच दिसतो, आणि माझ्या मते खरी गरज त्याचीच आहे.

तोवर हिशेब आवाजाचा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहाएक किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच निघावं, पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये. काचा लावलेली जीप किंवा मोटार चालते, उघडा ट्रॅक्टर नाही. काहीच हाताशी नसेल तर झाडापासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसावं. याने धोका टळत नाही, कमी होतो. झोपू मात्र नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्याला बेलाशक हात लावावा. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छाती दाबत राहावं, १०८ला फोन करावा. पुष्कळ जण एवढ्यावर परत येतात. काही भागांत अशा माणसाला शेणात गाडतात. त्यात मोलाची मिनिटं जातात, दुसरं काही होत नाही.

आणि एक कागदाची गोष्ट. माणूस गेला तर वारसाला सरकारकडून ४ लाख रुपये मिळतात, जनावर गेलं तरी मदत आहे. मात्र शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. बैल घाईघाईने पुरून टाकला की पंचनाम्याला काही उरत नाही. आधी तलाठ्याला कळवावं.