आठवड्यातले सहा तास चोवीस मिनिटं

३२ तासांचे २० टक्के म्हणजे ६ तास २४ मिनिटं. अमेरिकेत जे-१ व्हिसावर इंटर्न किंवा ट्रेनी म्हणून गेलेल्या मुलाला आठवड्यातून जास्तीत जास्त एवढाच वेळ कारकुनी कामाला जुंपता येतं. फायली लावणं, झेरॉक्स काढणं, यादीतली नावं संगणकात भरणं, सगळं यातच आलं. ३२ तास ही अशा कार्यक्रमाच्या आठवड्याची किमान मर्यादा. आठवडा ४० तासांचा असेल तर हा आकडा ८ तासांवर जातो, म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस. उरलेले चार दिवस शिकण्याचे, अशी लेखी अटच तिथल्या संघीय नियमावलीत आहे.

आपल्याकडे घरात या व्हिसाचा विषय निघाला की दोन प्रश्न आधी येतात: किती लाख लागतील आणि पगार किती मिळेल. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींचा हिशेब पुढे करू. पण २० टक्क्यांबद्दल कोणीच विचारत नाही, आणि मुलाचं तिथलं वर्ष कसं जाणार हे बरंचसं याच आकड्यावर ठरतं.

जे-१ हा मुळात नोकरीचा व्हिसा नाही. १९६१च्या फुलब्राइट-हेज कायद्याने परदेशी लोकांशी शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाण वाढवण्यासाठी तो आणला. आज जगातल्या सुमारे २०० देश-प्रदेशांतून वर्षाला ३ लाखांच्या आसपास माणसं या व्हिसावर अमेरिकेत जातात. त्यांत संशोधक, प्राध्यापक, डॉक्टर, मुलं सांभाळायला जाणाऱ्या तरुणी असे कितीतरी गट आहेत. इंटर्न आणि ट्रेनी हे त्यांतले दोन. २००५ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने एक अहवाल दिला होता. ट्रेनी गटावर परराष्ट्र खात्याची पुरेशी देखरेख नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. शिकाऊ म्हणून आणलेल्या माणसाला स्वस्त कामगार म्हणून राबवण्याचा धोका खरा होता. २००७मध्ये नियम नव्याने लिहिले गेले आणि इंटर्न हा वेगळा गट तेव्हाच जन्माला आला. २० टक्क्यांचा अर्थ लागतो तो या पार्श्वभूमीवर.

आता पात्रता. इंटर्न म्हणून जायचं तर तुम्ही अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयात शिकत असायला हवं, नाहीतर कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेला पदवी मिळून १२ महिन्यांहून जास्त काळ लोटलेला नसावा. मुदत कमाल १२ महिने. ट्रेनीसाठी दोन वाटा आहेत. पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्यानंतर त्याच क्षेत्रातला, अमेरिकेबाहेरचा किमान १ वर्षाचा अनुभव, ही एक. पदवी नसेल तर ५ वर्षांचा अनुभव, ही दुसरी. ट्रेनीची मुदत १८ महिन्यांपर्यंत असते, पण हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रात ती १२ महिन्यांवरच थांबते.

या आकड्यांमध्ये एक खड्डा आहे. मे २०२६मध्ये पदवी हातात आली, तर इंटर्नशिप मे २०२७ उलटण्याआधी सुरू व्हायला हवी. त्या वर्षात पदवीधर नोकरी करत राहिला, तर इंटर्नचं दार बंद होता होता ट्रेनीचं उघडतं. पण आज बोलावणं येईल, उद्या येईल म्हणत तो वर्षभर घरी बसला, तर दोन्ही दारं बंद. म्हणून एजंट काहीही सांगो, पदवीनंतर हाती असलेली नोकरी सोडून वाट पाहत बसू नये. ५ वर्षांची वाट मात्र मला फार मोलाची वाटते. पणजी किंवा कोल्हापूरच्या एखाद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं तयार झालेल्या, कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला हा नियम थेट पात्र धरतो. आपल्याकडच्या जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच दिसतो.

आता खर्च. सरकारी शुल्कं मोजकीच आहेत. सेविस नावाच्या नोंदणी यंत्रणेचं शुल्क २२० डॉलर, व्हिसा अर्जाचं १८५ डॉलर. बेरीज ४०५. सोयीसाठी डॉलरला ९० रुपये धरले तर ३६,४५० रुपये. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या व्हिसा इंटिग्रिटी फीची तरतूद आहे. ती धरली तर ६५५ डॉलर, म्हणजे ५८,९५० रुपये. अर्ज भरण्याच्या दिवशीचं चालू शुल्क वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे बाजूला काढावेत. बाकी रक्कम जाते ती स्पॉन्सर संस्थेच्या शुल्कात, विम्यात, विमानाच्या तिकिटात आणि एजंटच्या खिशात. एजंटने तीन-चार लाखांचा एकच गोल आकडा सांगितला, तर हे चार भाग कागदावर वेगवेगळे लिहून मागावेत. सहभागाचा सगळा खर्च आधी स्पष्ट सांगणं हे स्पॉन्सरवर बंधनकारक आहे, त्यामुळे असं विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

स्पॉन्सर आणि एजंट यांत गल्लत होते, ती इथेच दूर करू. स्पॉन्सर म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. डीएस-२०१९ हा कागद फक्त तीच देऊ शकते आणि त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. त्या कागदावर ‘एन’ने सुरू होणारा तुमचा सेविस क्रमांक आणि ‘पी’ने सुरू होणारा स्पॉन्सरच्या कार्यक्रमाचा क्रमांक असतो. मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटचं नाव त्या यादीत नसणार, पण त्याने सांगितलेल्या स्पॉन्सरचं असायलाच हवं. नसेल तर बोलणी तिथेच थांबवावीत.

विम्याचे किमान आकडेही ठरलेले आहेत. प्रत्येक आजारपण किंवा अपघातासाठी १ लाख डॉलर, उपचारासाठी मायदेशी हलवायला ५० हजार आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव घरी पाठवायला २५ हजार. दर वेळी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नसावी.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद डीएस-७००२, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. त्यावर उमेदवार, स्पॉन्सर आणि जिथे शिकायचं तिथला पर्यवेक्षक अशा तिघांच्या सह्या असतात. आठवड्याचे तास किती, मानधन किती, त्या ठिकाणी कर्मचारी किती, वार्षिक उलाढाल किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं. यजमान नवखा असेल आणि त्याचे कर्मचारी २५पेक्षा कमी किंवा उलाढाल ३० लाख डॉलरपेक्षा कमी असेल, तर स्पॉन्सरने जागेवर जाऊन पाहणी करायला हवी. त्यानंतर प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं पान: काय शिकवणार, कोण शिकवणार, शिकलं की नाही ते कसं तपासणार. हॉटेल क्षेत्रात कार्यक्रम ६ महिने किंवा त्याहून मोठा असेल, तर किमान ३ वेगवेगळ्या विभागांत किंवा कामांत फिरवणं सक्तीचं आहे. १२ महिन्यांचे तीन भाग केले तर एका ठिकाणी ४ महिने.

माझी भाची नाशिकची, हॉटेल मॅनेजमेंटची पदवीधर. तिचा आराखडा आला तेव्हा आम्ही दोघांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. टप्पे तीनच होते, पण दुसरं आणि तिसरं पान ओळीला ओळ लावून वाचलं तर मजकूर एकच. फक्त पर्यवेक्षकाचं नाव वेगळं. दोन्हींकडे लिहिलं होतं की ती भाज्या चिरेल, सामान लावेल आणि गरजेप्रमाणे मदत करेल. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मामा, कांदा तर मी कॉलेजातही चिरला. आठ महिने कांदाच चिरायचा?”

हा प्रश्न या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी जातो. स्वयंपाकघरात शिकणं आणि राबणं लांबून सारखंच दिसतं. सुरी तीच, फळी तीच, कांदाही तोच. कुठला तास कुठल्या खात्यात टाकायचा? नियमांनी एक कुंपण घातलं आहे. त्यांच्या परिशिष्टात अकुशल कामांची यादी आहे. त्यात बारटेंडर, कॅशियर, पोर्टर, हॉटेलातले सफाई कामगार, स्वयंपाकघरातले कामगार यांची नावं आहेत, आणि अशा जागांवर इंटर्न किंवा ट्रेनी नेमता येत नाही. वृद्धांची किंवा मुलांची देखभाल आणि रुग्णांशी थेट संबंध येणारी कामंही वर्ज्य. अमेरिकी कामगाराला हटवून त्याच्या जागी ट्रेनी आणता येत नाही. पण कांद्याचा तास शिकण्यात धरायचा की राबण्यात, हे आराखड्यातला मजकूरच ठरवतो. म्हणून ‘गरजेप्रमाणे मदत’ हे शब्द दिसले की थबकावं.

मालकाला मोह का होतो, तेही आकड्यांतच पाहू. संघीय किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. ३२ तासांचे २३२ डॉलर होतात. राज्यांचे दर वेगळे आणि बरेचदा वरचे. फ्लोरिडात ३० सप्टेंबर २०२५पासून १४ डॉलर. ४० तासांचे ५६०, वर्षाच्या ५२ आठवड्यांचे २९,१२०. आता यावरचा कर. स्थानिक कर्मचाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कापले जातात, एकूण ७.६५. तेवढेच पैसे मालकालाही भरावे लागतात. जे-१वरचा माणूस करांच्या हिशेबात अनिवासी असेपर्यंत त्याला ही कपात लागू नाही, आणि मालकालाही नाही. २९,१२०चे ७.६५ टक्के म्हणजे सुमारे २,२२८ डॉलर. वर्षाला २ लाख रुपयांहून जास्त, एका ट्रेनीमागे, मालकाची थेट बचत. म्हणूनच नियमांचं कुंपण लागतं.

हीच रक्कम मुलाच्याही खिशात राहायला हवी. पगारपत्रक बनवणाऱ्याला ही सूट ठाऊक नसेल, तर कपात सरसकट होऊन जाते. पहिल्या पगाराची स्लिप हातात पडली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या दोन ओळी आधी पाहाव्यात. प्राप्तिकर मात्र भरावाच लागतो.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. मुंबईच्या अर्जदाराला दोनदा हजेरी लावावी लागते. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार अर्जदार तिथेच राहायला निघालाय असं अधिकारी गृहीत धरतो आणि तसं नाही हे पटवणं अर्जदाराच्या हाती असतं. परतल्यावर या प्रशिक्षणाचं काय करणार, याचं खरं आणि स्वतःचं उत्तर डीएस-७००२मध्येच सापडायला हवं. जून २०२५पासून समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायलाही सांगितलं जातं.

एक जुनी भीती आता बरीचशी ओसरली आहे. जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड नाही, या अटीत भारतातले बरेच जण कौशल्य यादीमुळे, म्हणजे मायदेशाला गरजेच्या मानलेल्या कौशल्यांच्या यादीमुळे, अडकत. ९ डिसेंबर २०२४ला आलेल्या सुधारित यादीतून भारताचं नाव वगळलं गेलं आणि आधी गेलेल्यांनाही त्याचा लाभ मिळाला. सरकारी पैशावर गेलेले आणि वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणाला गेलेले डॉक्टर यांना मात्र अट कायम आहे. शिवाय ट्रेनीला पुन्हा ट्रेनी म्हणून जायचं तर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, तो नियम वेगळा.

भाचीने त्या दोन पानांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि स्पॉन्सरला सरळ विचारलं, तिसऱ्या टप्प्यात मी नवीन काय शिकणार? पत्र एजंटला न दाखवता पाठवलं. काही दिवसांनी सुधारलेला आराखडा आला. तिसऱ्या पानावर आता मालाची मागणी नोंदवणं, एका ताटाचा खर्च काढणं आणि वाया गेलेल्या अन्नाचा आठवड्याचा हिशेब ठेवणं अशी कामं होती, मधली आणि शेवटची अशा दोन्ही मूल्यमापनांच्या तारखाही होत्या. तिने सही केली. मोबाइलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी सरकवली, त्यावर जे-१ धारकांसाठी असलेल्या आपत्कालीन मदतवाहिनीचा क्रमांक होता, १-८६६-२८३-९०९०. आणि त्याखाली, तिच्याच अक्षरात, ‘८ तास’.