मानेतली गाठ : लिम्फोमा म्हणजे एकच आजार नव्हे

मानेत गाठ आली, संध्याकाळी ताप चढू लागला, वजन घटलं, की आपल्या मोहल्ल्यात पहिला शब्द निघतो तो टीबी. आपल्याकडे टीबी भरपूर असल्यामुळे हा अंदाज अनेकदा खराही ठरतो. पण हीच लक्षणं लिम्फोमाचीही असतात.

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. रोगांशी लढणाऱ्या या पेशी मान, काख, जांघ, छाती आणि पोटातल्या ग्रंथींमध्ये असतात. ही ग्रंथी सुजली की आपण तिला गिल्टी म्हणतो.

लिम्फोमाचे मुख्य गट दोन. पहिला हॉजकिन. लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली यात रीड-स्टर्नबर्ग नावाच्या मोठ्या पेशी दिसतात, अगदी घुबडाच्या डोळ्यांसारख्या. हा आजार तरुणांनाही होतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन. त्यांचे 60 हून अधिक प्रकार आहेत. ते ओळखताना दोन प्रश्न महत्त्वाचे. पेशी बी आहे की टी? बहुतेक रुग्णांत ती बी असते. आणि वाढ सावकाश आहे की वेगवान? फॉलिक्युलर प्रकार सावकाश वाढतो. काहींना लगेच औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल वेगाने वाढतो, बर्किट त्याहूनही वेगाने. पण वेगवान म्हणजे असाध्य नव्हे. वेळेवर उपचार मिळाले तर यातलेही अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

प्रकार कळला की औषध ठरतं. उदाहरणार्थ, रिटुक्सिमॅब हे औषध पेशीवर सीडी20 नावाचं प्रथिन असेल तरच दिलं जातं. स्टेज ही वेगळी गोष्ट: आजार शरीरात कुठवर पोचला, ते ती सांगते. चौथी स्टेज ऐकून घरात रडारड सुरू होते, पण हॉजकिन त्या स्टेजलाही बरा होऊ शकतो.

हे सगळं कळतं ते बायोप्सीतून. सुईने काढलेलं थोडंसं पाणी अनेकदा पुरत नाही, गाठ किंवा तिचा तुकडा तपासावा लागतो. त्याने कॅन्सर पसरतो, ही भीती आपण मनातून काढून टाकू या. टीबीची औषधं घेऊनही गाठ वाढत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारावं, ‘बायोप्सी करायची का?’ आणि रिपोर्ट आला की, ‘नेमका प्रकार कोणता?’

दुआ करूच, पण तपासणीही लांबणीवर टाकायला नको.