महीलतेची मृगया

आम्हांस मत्स्याहार वर्ज्य. परंतु अमरकोशांतील ‘महीलता’ म्हणजे गांडूळ, क्यानडांत गळासाठीं कसें वेंचतात हें जाणण्यास हरकत वाटली नाहीं. पावसानंतर रात्रीं हे जीव शेपूट बिळांतच ठेवून हिरवळीवर पसरतात. दिव्यास तांबडी कांच लावावी, पाऊल हळू टाकावें. त्यांस कान नाहींत, पण कंप तत्काळ कळतो. डार्विनने त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून पाहिलें व १८८१ च्या ग्रंथांत तें लिहिलें. बिळाशीं धरावें, मात्र हिसडूं नये. अंगावरच्या राठ केसांनीं तें माती धरून बसतें, ओढल्यास तुटतें. क्षणभर थांबल्यास पकड आपोआप सुटते.

उरलेलीं रानांत टाकण्याची चाल मात्र वाईट. हिमयुगानंतर तेथील उत्तरेच्या अरण्यांत गांडुळें नव्हतींच. हीं युरोपांतलीं पाहुणीं पाचोळ्याचा थर फस्त करून कोंवळ्या रोपांचा आसराच नाहींसा करतात.